पंधरा बार

भोंग्याच्या बायकोचं केस कापायचं दुकान आहे. त्या दुकानात एका सकाळी बातमी येऊन थडकली की तिच्या नवऱ्यानं या वयात पंधरा बार केले. केसांना रंग लावून आरशासमोर बसलेल्या तिघींनी एकमेकींकडे असं पाहिलं, की आता तो कुठल्या गटाराशी सापडला एवढंच ऐकायचं राहिलं होतं. बायकोनं कात्री थांबवली नाही. बार म्हणजे वाजवायच्या कागदावरचं एक घर, चार ठोक्यांचं, हे तिनं लग्नानंतर शंभराव्यांदा समजावून सांगितलं. मग म्हणाली, "प्यायले असते तर परवडलं असतं. निदान झोपले तरी असते."

भोंगा खरंच झोपत नव्हता. तसा तो जन्माचाच घाबरट. लिफ्टला घाबरतो, कुत्र्याला घाबरतो, फोन वाजला की आधी कोण गेलं असेल याचा अंदाज बांधतो आणि मग उचलतो. दिवसभर दातांच्या कारखान्यात कवळ्या बनवतो. शहरातल्या निम्म्या म्हाताऱ्यांचं हसू त्याच्या हातचं आहे, आणि त्यातल्या एकाची जरी कवळी टोचली तरी हा त्याच्या गल्लीतून जायचं सोडतो. मंगळवारी आणि गुरुवारी संध्याकाळी मात्र तो ट्रॉम्बोन घेऊन फर्निचरच्या गोदामावरच्या हॉलमध्ये जातो. तिथं सतरा जणांचा जॅझ बँड सराव करतो. खालून लाकडाचा भुसा उडतो, वरती सॅक्सोफोनवाले शिंकतात, आणि त्या गोंगाटात भोंगा एकदम शूर होतो. हे पितळी धूड तोंडाला लावलं की तो कुणाच्या बापाला भीत नाही. त्यावरून तर गल्लीनं त्याला हे नाव दिलं.

बँडला चाळीस वर्षं झाली. म्होरके आहेत ते टपालखात्यातून निवृत्त झालेले, त्यांना सगळे टपालवाले म्हणतात. त्यांनी भोंग्याला सांगितलं की समारंभासाठी तू काहीतरी नवं लिही, सगळ्या बँडसाठी, वीसेक मिनिटांचं. भोंग्यानं चार महिने खपून लिहिलं. तीन भाग, तीन गुरूंच्या नावानं. पहिला त्याच्या मोठ्या काकांसाठी. त्यांनी त्याला जमिनीवर आडवं झोपवून, पोटावर शब्दकोश ठेवून श्वास घ्यायला शिकवलं होतं. दुसरा पियानोबाईंसाठी. त्यांनी सुरांवर सूर कसे रचायचे ते शिकवलं आणि चुकलं की बोटांवर पट्टी मारली. तिसरा मास्तरांसाठी. मास्तर ट्रम्पेट वाजवायचे, आणि भोंगा बावीस वर्षांचा असताना त्यांनी त्याला हाताला धरून या बँडमध्ये आणून बसवला होता.

काका गेले, पियानोबाई गेल्या. मेलेल्यांचं एक बरं असतं, ते पहिल्या रांगेत येऊन बसत नाहीत. मास्तर जिवंत होते. पण गेली अठ्ठावीस वर्षं त्यांनी बँडच्या कुठल्याही कार्यक्रमाला पाऊल टाकलं नव्हतं, म्हणून भोंगा निर्धास्त होता. टपालवाल्यांनी त्याला न विचारता त्यांना निमंत्रण धाडलं. आठ दिवसांनी उत्तर आलं, दोन ओळींचं. येतो. पुढची खुर्ची ठेवा, ऐकू कमी येतं.

ते कार्ड टपालवाल्यांनी सरावाच्या वेळी कौतुकानं सगळ्यांना वाचून दाखवलं. भोंग्याच्या तिसऱ्या भागाचं नाव होतं 'पंधरा', आणि ते कार्यक्रमपत्रिकेत छापूनसुद्धा झालं होतं.

पंधरा का, हे जगात एकट्या भोंग्याला ठाऊक होतं. अठ्ठावीस वर्षांपूर्वी बँडचा एक मोठा कार्यक्रम होता. त्यात एक धून होती. सोळा बार मास्तरांनी गप्प बसायचं, बाकीचा बँड पायरी पायरीनं वर चढणार, सोळाव्या बारला सगळे एकदम थांबणार, हॉलमध्ये टाचणी पडली तर ऐकू येईल अशी शांतता, आणि त्यानंतर मास्तरांचा ट्रम्पेट आणि सगळा बँड एका दमात. मास्तरांचा कागद जुना होऊन घडीवर फाटला होता. कार्यक्रमाच्या दिवशी सकाळी त्यांनी तो भोंग्याकडे दिला आणि म्हणाले, मूळ प्रतीवरून नवा उतरवून आण. भोंगा तेव्हाही कवळ्याच बनवायचा. जेवायच्या सुट्टीत, कारखान्यातल्या टेबलावर, एका बाजूला दातांचे साचे आणि दुसऱ्या बाजूला मूळ प्रत ठेवून त्यानं कागद उतरवला. न वाजवायचे बार कुणी एकेक करून लिहीत नाही. एक जाड आडवी रेघ ओढायची आणि वर आकडा टाकायचा. भोंग्यानं पेन्सिलीच्या टोकानं बार मोजले, रेघ ओढली, वर लिहिलं पंधरा.

मूळ प्रतीच्या पानाच्या कोपऱ्यात, शेवटच्या घरावर, हिरड्यांच्या गुलाबी मेणाचा एक थेंब पडला होता. तो भोंग्याला दिसला दुसऱ्या दिवशी. नखानं खरवडला, तर खाली एक अख्खा बार.

आता मास्तर म्हणजे कागदाचे माणूस. गप्प बसायचं असतं तेव्हा ऐकायचं नाही, मोजायचं, अशी त्यांची शिस्त. कान फसवतो, आकडा फसवत नाही, असं ते सगळ्यांना बजावायचे. त्या दिवशीही त्यांनी काटेकोर पंधरा मोजले आणि भरल्या हॉलमध्ये, त्या टाचणी पडायच्या शांततेत, एकट्यानं ट्रम्पेट फुंकला. दोन सूर वाजले. तिसरा आलाच नाही. मागून कुणीतरी हसलं, मग बरेच हसले. बँडमधलेही दोघंतिघं गालात हसले, आणि टपालवाले त्यांतलेच एक, तेव्हा ते दुसरा ट्रम्पेट वाजवायचे. पुढच्या आठवड्यात मास्तरांनी निरोप पाठवला की माझी मोजणी गेली, माझ्या जागी दुसरा बघा. त्यानंतर त्यांनी लॉण्ड्रीवरच्या एका खोलीत मुलांना सूर शिकवले, पण चार माणसांसमोर पुन्हा कधी वाजवलं नाही.

भोंगा रोज वाट बघायचा की आज मास्तर तो कागद काढून बघतील आणि आज आपलं बिंग फुटेल. एक वर्ष गेलं, दोन गेली, मास्तरांनी विचारलं नाही आणि यानं सांगितलं नाही. आधी सांगायची हिंमत नव्हती. नंतर, इतकी वर्षं का सांगितलं नाहीस याला उत्तर नव्हतं. शेवटी त्यानं ते सुरांत लिहिलं. तिसऱ्या भागात बँड तसाच पायरी पायरीनं वर चढतो, ऐकणाऱ्याचा कान सोळाव्या बारच्या शांततेसाठी तयार होतो, आणि ती शांतता येतच नाही. पंधरा संपताच ट्रम्पेट शिरतो, आणि या खेपेला सगळा बँड त्याच्याबरोबर शिरतो. मास्तर एकटे पडत नाहीत. लिहिताना भोंगा रडला होता. मास्तर ऐकायला येणार नाहीत हे धरून रडला होता.

कार्डानंतरच्या पहिल्याच सरावात ट्रम्पेटवालीनं हात वर केला. ही बस चालवते, बोलायला रोखठोक. तिनं विचारलं, हे इथं एक बार गळलाय का? सरळ दिसतंय, सोळा हवेत, मध्ये थांबा हवा. सगळ्यांनी माना डोलावल्या. टपालवाले हसून म्हणाले, "अरे भोंग्या, दात मोजतोस ना दिवसभर? तिथं अशी चूक केलीस तर माणूस जेवेल कसा?"

सोळा जण हसले. भोंग्याला सुटायची वाट अशी आयती समोर दिसली. तो म्हणाला, हो, उतरवताना राहिला असेल. सतरा पेन्सिली सतरा कागदांवर खरखरल्या, पंधराचे सोळा झाले, एक थांबा पडला, आणि सगळ्यांनी पुन्हा वाजवलं. चांगलं वाजलं. अगदी निरुपद्रवी वाजलं. नुसत्या आकड्याच्या नावावरून मास्तरांना काय कळणार होतं, कप्पाळ?

घरी आल्यावर त्यानं दोनदा हात धुतले, तिसऱ्यांदा निघाला तशी बायको नळापाशी जाऊन उभी राहिली. काय ते आत्ता सांगा, नाहीतर दुकानात येऊन गिऱ्हाइकांसमोर सांगावं लागेल, अशी तिनं धमकी दिली. भोंग्यानं सांगितलं. मेणाच्या थेंबापासून सतरा पेन्सिलींपर्यंत.

"म्हणजे त्यांचं काही चुकलंच नव्हतं?" तिनं विचारलं.

"नाही."

"आणि अठ्ठावीस वर्षं तुम्ही दिवाळखोरासारखं त्यांच्या पुढून तोंड चुकवून फिरलात. अहो, आधी जाऊन सांगा त्यांना. भर हॉलमध्ये कळण्यापेक्षा खोलीत कळलेलं बरं."

रविवारी भोंगा जीव मुठीत धरून मास्तरांकडे गेला. लॉण्ड्रीतून वाफेचा आणि ओल्या चादरींचा वास येत होता. जिना अंधारा, लोखंडी. वरून मास्तर उतरत होते, दूध आणायला. एका हातानं कठडा धरलेला आणि ओठ हलत होते. शेवटच्या पायरीवर आले आणि म्हणाले, "एकोणीस." मग भोंगा दिसला. त्यांना आनंद झाला. त्याला धरून पुन्हा वर घेऊन गेले, वर जातानाही मोजलं.

खोलीत एक खाट, दोन स्टँड, भिंतीवर खिळ्याला टांगलेला ट्रम्पेटचा खोका. मास्तरांनी काळा चहा केला. पातेल्याशी उभे राहून तोंडातल्या तोंडात किती वेळ उकळला ते मोजत राहिले. भोंग्यानं उगाच विचारलं, की मास्तर, घड्याळ आहे की समोर. ते म्हणाले, घड्याळ आहे रे, पण सवय ठेवावी लागते. त्या कार्यक्रमानंतर त्यांचा स्वतःवरचा भरवसाच उडाला होता. इतकी वर्षं वाजवलं, एक ठोका इकडचा तिकडे झाला नाही, आणि एक दिवस डोक्यातून अख्खा बार गळून पडतो, म्हणजे आत काहीतरी तुटलंय. डॉक्टरकडेसुद्धा गेले होते. डॉक्टरनं तपासून सांगितलं, काही नाही. यांना वाटलं तो लपवतोय.

"आता मी सगळंच मोजतो," मास्तर म्हणाले. "जिना मोजतो, गोळ्या दोनदा मोजतो. मुलाला भेटायला तीन तासांच्या गाडीनं जायचं, तर स्टेशनं मोजत जातो. झोप लागली तर? म्हणून मग जातच नाही."

सांगायचं ते भोंग्याच्या ओठापर्यंत आलं, आणि ओठांनी विचारलं की लॉण्ड्रीचा आवाज फार होतो का. मग त्यानं हवेबद्दल विचारलं, गुडघ्यांबद्दल विचारलं, कवळी नीट बसते का ते विचारलं. दोन कप चहा पिऊन तो जिना उतरला. खालच्या पायरीवर त्याच्या लक्षात आलं की आपणही मोजतोय.

बायको दारातच होती. सांगितलंत का, तिनं विचारलं. भोंगा म्हणाला, चहा छान होता. तिनं कपाळावर हात मारला. पण तो तसाच पायात चपला ठेवून वळला, कारखान्याच्या ड्रॉवरमधलं खोडरबर खिशात घातलेलं होतंच, आणि गोदामावरच्या हॉलची किल्ली टपालवाल्यांकडून मागून आणली. सतरा कागद त्यानं एका ओळीत मांडले आणि एकेक सोळा खोडून पुन्हा पंधरा केलं. घाईत ड्रमवाल्याचा कागद थोडा फाटला. पुढच्या सरावाला त्यानं सगळ्यांना सांगितलं की पंधराच आहेत, चूक नाही, असंच हवंय. ट्रम्पेटवालीनं पेन्सिल कानामागं खोचली. म्हणाली, "ठीक आहे. पण असं मध्येच घुसायला भीती वाटते हो."

भोंगा म्हणाला, वाटू दे.

समारंभ होता त्यानंतरच्या रविवारी दुपारी चार वाजता, नगरपालिकेच्या हॉलमध्ये. मास्तर साडेतीनलाच आले. कोट घालून, कार्यक्रमपत्रिकेची घडी वरच्या खिशात. भोंग्याची बायको त्यांच्या मागच्या रांगेत, एका बाजूला जरा तिरकी बसली, म्हणजे त्यांचा चेहरा दिसेल. रंगमंचाच्या मागे भोंगा चार वेळा लघवीला जाऊन आला. पाचव्यांदा निघाला तेव्हा सॅक्सोफोनवाल्यानं त्याला कॉलर धरून खुर्चीत बसवला. हा सॅक्सोफोनवाला अठ्ठावीस वर्षांपूर्वीही होता.

काकांचा भाग झाला. पियानोबाईंचा झाला, त्याला लोकांनी बऱ्याच टाळ्या वाजवल्या. भोंग्याला त्या टाळ्या पाण्याखालून ऐकू आल्यासारख्या वाटल्या. मग तिसरा. डबल बेस चालायला लागला, ट्रॉम्बोन वर चढायला लागले. भोंग्याची घसरती नळी घामानं निसटत होती. सातव्या बारला त्यानं खाली पाहिलं. मास्तरांचा उजवा अंगठा बोटांच्या पेरांवरून फिरत होता. ते मोजत होते. त्यांना चाल ओळखू आली होती. बारा. तेरा. भोंग्याला वाटलं उठून ओरडावं, की थांबा, सगळे थांबा. चौदा. पंधरा.

ट्रम्पेट शिरला आणि बाकीची सोळा माणसं त्याच्याबरोबर शिरली. हॉल दणाणला. मास्तरांचा अंगठा एका पेरावर अडकून राहिला. त्यांनी खिशातली पत्रिका काढली, डोळ्यांजवळ धरून तिसरं नाव वाचलं, पुन्हा घडी केली. धून अजून चालू होती तेवढ्यात ते उठले आणि मधल्या वाटेनं सरळ बाहेर निघून गेले.

मध्यंतर झाल्याझाल्या भोंगा ट्रॉम्बोनसकट पळाला. मास्तर बाहेरच्या पॅसेजमध्ये, पाण्याच्या पिंपाजवळ उभे होते. ग्लास भरून वाहत होता आणि त्यांनी नळ बंद केला नव्हता. भोंग्यानं बंद केला.

"माझ्या कागदावर पंधरा होतं?" मास्तरांनी विचारलं.

"हो."

"कुणी लिहिलं?"

"मी. मेण पडलं होतं मास्तर, एक बार झाकला गेला. मला दुसऱ्या दिवशी कळलं."

"दुसऱ्या दिवशी."

भोंग्याची पाचावर धारण बसली. त्यानं मान खाली घातली आणि त्या ओल्या फरशीकडे बघत राहिला. मारतील तर बरं, असं त्याला वाटलं. मास्तरांनी मारलं नाही. ते पॅसेजमधल्या बाकावर बसले, सावकाश.

"तो कागद माझ्याकडेच आहे," ते म्हणाले. "खोक्यात. मी कधी उघडून पाहिला नाही. दहादा हात गेला. पण त्यावर सोळा निघाले असते तर? मग तर खात्रीच झाली असती, की मी संपलो. न बघता थोडी शंका उरायची. त्या शंकेवर जगलो मी."

मास्तर, मला माफ करा, असं काहीतरी भोंगा पुटपुटला.

"माफ केलं, असं मी नाही म्हणणार," मास्तर म्हणाले. आवाज चढला नव्हता, म्हणून जास्त भीती वाटली. "तुझ्या भीतीची मला कीव आली असती, एक वर्ष, दोन वर्षं. अठ्ठावीस म्हणजे काय, तू मोजलीस कधी? माझ्या पोराकडे मी जात नाही, ठाऊक आहे तुला." मग त्यांनी हॉलच्या दाराकडे बोट केलं. "आणि मला काय सांगतोस? मला कळलं. हसले ते दुसरेच होते."

"त्यातले बरेच गेले, मास्तर."

"उरलेले आत चहा पितायत. तुमचा तो टपालवाला आहे, सॅक्सोफोनवाला आहे. जा, त्यांना सांग. माइकवर सांग."

ते उठले आणि त्याच्या पुढून चालत हॉलमध्ये जाऊन आपल्या जागेवर बसले. मागं वळूनही पाहिलं नाही की हा येतोय का.

घंटा झाली. लोक बिस्किटं चघळत आत आले. टपालवाले मध्यंतरानंतरच्या कार्यक्रमाची घोषणा करायला माइककडे निघाले होते, तेवढ्यात भोंग्यानं त्यांना वाटेत गाठलं आणि एक मिनिट मागितलं. त्यांना वाटलं आभार मानायचे असतील, त्यांनी हसून जागा दिली. माइकनं भोंग्याचा श्वास सगळ्या हॉलला ऐकवला. लिफ्ट, कुत्रे, फोन, सगळं परवडलं, असं त्याला वाटलं.

"अठ्ठावीस वर्षांपूर्वी," तो म्हणाला, "मास्तर चुकले नव्हते. त्यांच्या कागदावर बार मी कमी लिहिला होता. सोळाच्या जागी पंधरा. त्यांनी लिहिलं होतं तेच वाजवलं."

मागं कुणीतरी गंमत समजून हसलं, आणि बाजूच्यानं गप्प केल्यासारखं एकदम थांबलं. सॅक्सोफोनवाल्यानं तोंडाला लावलेलं वाद्य खाली घेतलं. टपालवाले खाली बघत कोटाचं बटण चाचपत राहिले.

"पुन्हा सांग," मास्तर पहिल्या रांगेतून म्हणाले. "मागं ऐकू गेलं नाही."

आणि ते उठून, भोंग्याकडे पाठ करून, लोकांकडे तोंड करून उभे राहिले. त्यांचा चेहरा त्या वेळी कसा होता हे भोंग्याच्या बायकोनं अगदी समोरून पाहिलं, पण कितीही खोदून विचारलं तरी ती सांगत नाही. भोंग्याला दिसली ती नुसती कोटाची पाठ. त्या पाठीकडे बघत त्यानं सगळं पहिल्यापासून पुन्हा सांगायला सुरुवात केली, या खेपेला तारखेसकट, मेणासकट आणि दुसऱ्या दिवसासकट.